विजेवरची चाकं (भाग ७) : गाडी तुमची, तार सगळ्यांची

मागच्या भागात आपण बॅटरी आतून पाहिली. या आठवड्यात उलटा प्रवास करू. गाडीच्या प्लगपासून मागे भिंतीतल्या पॉइंटपर्यंत, तिथून मीटर रूममध्ये, कंपाउंडमधल्या सबस्टेशनमध्ये आणि मग वीज जिथून येते तिथवर. त्यासाठी मी वर्सोवा निवडलं आहे. कारण एकाच चौरस मैलात इथे उंच टॉवर आहेत, चाळीस वर्षं जुन्या सोसायट्या आहेत, कोळीवाडा आहे, मेट्रोचं पहिलं स्थानक आहे आणि खारा वारा तर सगळ्यांच्याच वाट्याला आहे.

मे महिन्यातली रात्रीची साडेनऊची वेळ घ्या. सात बंगल्याच्या एखाद्या सोसायटीत माणसं कामावरून परतलेली असतात. वरच्या मजल्यांवर एसी सुरू झालेले असतात. लिफ्ट थांबायला तयार नसते, टाकीत पाणी चढवणारा पंप चालू असतो. नेमक्या याच वेळी खाली स्टिल्टमध्ये गाड्या येऊन लागतात आणि चार्जिंगची वायर गाडीला जोडली जाते. माणसाच्या दृष्टीने हे अगदी स्वाभाविक आहे. तारेच्या दृष्टीने मात्र चोवीस तासांतली सर्वांत वाईट वेळ हीच.

इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर वीज पुरेल का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर फारसं घाबरवणारं नाही. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. वर्सोव्याहून बीकेसीला जाऊन येणं आणि मध्ये एखादी जास्तीची फेरी धरली, तर दिवसाला पस्तीस किलोमीटर होतात. म्हणजे पाच-सहा युनिटं. दीड टनाचा एसी चार-पाच तास चालला की तोही जवळपास तेवढीच वीज घेतो. स्कूटरला तर याहून कितीतरी कमी लागते. तिची अख्खी बॅटरीच साधारण तीन-चार युनिटांची. गाडी घेणं म्हणजे घरात आणखी एक एसी बसवणं, इतकाच हा हिशेब आहे. वीज किती लागेल यापेक्षा ती केव्हा लागेल आणि कोणत्या तारेतून येईल, हे प्रश्न कठीण आहेत.

हे आकड्यांनी समजून घेऊ. समजा, एका सोसायटीत ८० फ्लॅट आहेत आणि प्रत्येकाचा मंजूर भार ५ किलोवॉट आहे. कागदावर ४०० किलोवॉट झाले. पण सगळ्या घरांत सगळी उपकरणं एकाच क्षणी कधीच चालत नाहीत. कुणाचा गीझर सकाळी सहाला, कुणाचा नऊला. कुणी गावाला गेलेलं, कुणाकडे एसीच नाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातल्या रात्रीही प्रत्यक्ष भार या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो असं धरू. आपली सगळी वीजवितरण व्यवस्था या एका गृहीतकावर उभी आहे. केबलची जाडी, फ्यूज, ट्रान्स्फॉर्मरची क्षमता, सगळं त्यावरूनच ठरतं. माणसांच्या सवयी वेगवेगळ्या असतात हेच तिचं भांडवल.

आता याच सोसायटीत ३० इलेक्ट्रिक कार आल्या आणि प्रत्येकाने ७ किलोवॉटचा चार्जर बसवून घेतला. रात्री साडेनऊला सगळ्या गाड्या जोडल्या गेल्या, तर एकदम २१० किलोवॉटचा नवा भार येतो. म्हणजे इमारतीचा भार जवळजवळ दुप्पट. पण या तीस गाड्यांना खरी गरज किती आहे? प्रत्येकी सहा युनिटं धरली तर १८०. रात्री बारा ते सकाळी सात या सात तासांत तेवढी वीज सावकाश द्यायची म्हटलं, तर सरासरी २६ किलोवॉट पुरतात. गाड्या त्याच आणि युनिटंही तेवढीच, पण एका पद्धतीत २१० किलोवॉट आणि दुसरीत २६. या लेखमालेतला एकच हिशेब लक्षात ठेवायचा असेल, तर हा ठेवा.

२१० किलोवॉटचा रस्ता धरला तर काय होतं? सुरुवातीला काहीच नाही. चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत कुणाला कळतही नाही. मग एखाद्या रात्री मेन फ्यूज उडतो. मीटर रूममधली एखादी जोडणी तापून काळी पडते. वर्सोव्यात हा धोका जास्त आहे, कारण समुद्राकडच्या इमारतींत खाऱ्या हवेने तांब्यावर आणि लोखंडावर गंज लवकर चढतो. गंजलेल्या जोडणीतून वीज जाताना अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता वाढते. एसीचा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालतो आणि थांबतो. गाडीचा चार्जर तासन् तास सलग ओढत राहतो. ज्या जोडणीने एसीचा भार वीस वर्षं सहन केला, ती या सलग भाराने एका उन्हाळ्यात जळू शकते.

ट्रान्स्फॉर्मरची गोष्ट आणखी नाजूक आहे. दिवसभर आणि संध्याकाळी तापलेला ट्रान्स्फॉर्मर मध्यरात्रीनंतर निवतो. आतल्या तारांभोवतीच्या कागदी वेष्टनाचं आयुष्य या निवण्यावर टिकून असतं. वीज अभियंत्यांचा ढोबळ नियम सांगतो की ठरलेल्या मर्यादेच्या वर तापमान सहा ते दहा अंशांनी वाढत राहिलं, तर हे आयुष्य निम्म्यावर येतं. त्यामुळे 'सगळ्यांनी मध्यरात्रीनंतर चार्ज करा' एवढं सांगून काम भागत नाही. बाराच्या ठोक्याला सगळे टायमर एकदम सुरू झाले, तर साडेनऊची गर्दी फक्त बारा वाजता सरकते. भार रात्रभर पसरायला हवा आणि तो आळीपाळीने यायला हवा. यारी रोडवर मालिकांच्या चित्रीकरणावरून पहाटे परतणारे बरेच जण राहतात. त्यांच्या अशा वेळा इथल्या तारेला एरवी मोठा आधार देतात.

आता कंपाउंडच्या बाहेर पडू. उपनगराला वीज द्यायला १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे आपली जुनी बीएसईएस, स्थापन झाली. पुढे ती रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटीकडे गेली. टाटा पॉवरचेही ग्राहक उपनगरात आहेत. वीज कंपनी येण्याच्या आधीच अंधेरीवरून विजेची गाडी धावू लागली होती. पश्चिम मार्गावर बोरिवलीपर्यंत लोकलचं विद्युतीकरण १९२८ मध्ये झालं. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा मेट्रोमार्ग सुरू झाला. विजेवरचं वाहन वर्सोवेकरांना नवं नाही. नवं इतकंच की रेल्वेने आणि मेट्रोने आपापली सबस्टेशनं बांधली, भार आधी सांगितला, वेळापत्रक आधी दिलं. आपली गाडी मात्र न सांगता भिंतीला जोडली जाते.

वर्सोव्यात स्वतःचं २२० केव्हीचं ग्रहण केंद्र आहे. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रापासून थेट वर्सोव्यापर्यंत उच्चदाबाची वाहिनी येते. डहाणूचं ते केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालं. यारी रोडवरच्या गाडीत रात्री जी वीज भरली जाते, तिच्यात डहाणूच्या कोळशाचाही वाटा आहे, हे गाडी घेणाऱ्याला माहीत असावं. तरीही पेट्रोलच्या इंजिनापेक्षा विजेची मोटर ऊर्जेचा वापर कितीतरी काटकसरीने करते आणि धूर माणसांच्या नाकाजवळ सोडत नाही. गाडी आज विकत घेतली तरी तिची वीज पुढे स्वच्छ होत जाऊ शकते. पेट्रोलचं तसं होत नाही. म्हणून माझं मत गाडीच्या बाजूनेच आहे.

मुंबईची खरी अडचण म्हणजे शहरात वीज आणायच्या वाटा. ऐन उन्हाळ्यात शहराची मागणी चार हजार मेगावॉट ओलांडते. ट्रॉम्बे, टाटांची घाटातली जलविद्युत केंद्रं आणि डहाणू एकत्र धरली तरी त्यातली निम्मी मागणीही भागत नाही. उरलेली वीज बाहेरून आणावी लागते आणि मुंबईत शिरायला वाटा मोजक्याच. समुद्र, खाड्या, खारफुटी, राष्ट्रीय उद्यान आणि दाट वस्ती यांच्यामधून मनोरे न्यायचे कुठून? १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळव्याच्या बाजूच्या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला आणि शहर अंधारात गेलं. लोकल जागच्या जागी थांबल्या. उपनगरांत काही ठिकाणी वीज परत यायला संध्याकाळ झाली. त्यानंतर कामांना वेग आला. २०२३ मध्ये खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली. कुडूस ते आरे अशी सुमारे ८० किलोमीटरची, १००० मेगावॉटची एकदिश प्रवाहाची वाहिनीही हाती घेतली गेली, तिचा मोठा भाग जमिनीखालून. या वाहिन्या उभ्या राहायला वर्षं लागतात. गाडी शोरूममधून घरी यायला काही दिवस पुरतात. ही दोन घड्याळं जुळवणं हे आजचं खरं काम आहे.

राज्याचं २०२५ चं धोरण २०३० पर्यंत नव्या गाड्यांपैकी ३० टक्के इलेक्ट्रिक असाव्यात असं म्हणतं. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अशा कारना टोलमाफीही दिली गेली. पण या सवलती ज्याच्याकडे पार्किंगची जागा आहे त्यालाच आधी पोहोचतात. वेसावे कोळीवाड्यातल्या गल्ल्यांत मासळीचा टेम्पो लावायलाच जागा शोधावी लागते, चार्जर कुठे बसवणार? मेट्रो स्थानकाखाली रांगेत उभा असलेला रिक्षावाला शिफ्टवर गाडी चालवतो. त्याची गाडी तासभर उभी राहिली तर तासाची कमाई बुडते. त्याच्यासाठी रस्त्यालगतचा जलद चार्जर किंवा बॅटरी बदलून देणारं केंद्र हवं. एक जलद चार्जर ३० ते ६० किलोवॉट ओढतो, म्हणजे त्यालाही सबस्टेशनजवळची जागा लागते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्यासाठी वितरण परवाना लागत नाही, असं स्पष्ट केलं. मग महापालिकेच्या वाहनतळांवर कोळीवाड्यासाठी आणि रिक्षावाल्यांसाठी अशी केंद्रं आधी का उभी राहू नयेत? माझ्या मते टोलमाफीपेक्षा हे जास्त गरजेचं आहे.

वेळ बदलून घ्यायला दर हे चांगलं साधन आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ मध्येच चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग केला. केंद्राच्या नियमांनी शेती सोडून सगळ्या ग्राहकांना, स्मार्ट मीटर बसले की, दिवसाच्या वेळेनुसार दर लावायचं ठरवलं: सौर तासांत कमी, सर्वाधिक मागणीच्या वेळी जास्त. दुपारी सूर्याची वीज भरपूर असते, संध्याकाळी ती संपते आणि दिवे लागतात. म्हणून गाडीसाठी दोनच वेळा चांगल्या: दुपारी ऑफिसच्या वाहनतळावर, किंवा मध्यरात्रीनंतर घरी, सावकाश.

सोसायटीत याचा अर्थ सोपा आहे. तीस जणांनी तीस वायरी ओढू नयेत. एकच स्वतंत्र चार्जिंग मीटर, एकच बोर्ड आणि उपलब्ध भार गाड्यांमध्ये वाटून देणारी यंत्रणा बसवावी. ज्याने जेवढी वीज घेतली तेवढं त्याचं बिल. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. बोर्ड जमिनीपासून पुरेसा उंच असावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या मीटर रूम पाण्यात गेल्या होत्या. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही या चर्चेत बसावं, कारण तापणारी केबल त्यांच्याच घरांना वीज देते.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. यंदाच्या विषयपत्रिकेत चार्जिंगचा विषय लेखी घालायला सांगा. सभेआधी सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारून ठेवा: इमारतीचा एकूण मंजूर भार किती, मे महिन्यात प्रत्यक्ष कमाल भार किती गेला आणि मीटर रूमची तपासणी शेवटची कधी झाली. ही उत्तरं हातात असतील तर पुढच्या भागातला सामायिक चार्जिंगच्या खर्चाचा हिशेब तुम्हाला तुमच्याच इमारतीसाठी मांडता येईल.