दगडाचे बाह्यरूप : खेळातील पोतचित्रांचे संच कसे बांधतात व बसवितात

बंगळूरच्या लालबागेत केम्पेगौडाच्या बुरुजाखाली एक विस्तीर्ण उघडा खडक आहे. भूशास्त्रात ह्या जातीच्या खडकाला पट्टिताश्म म्हणतात. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते व त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळालेला आहे. त्याच्या अंगावरील काळसर व फिकट पट्टे कोणालाही ओळखता येतात. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात आले की, आपण संगणकावर जो ‘माइनक्राफ्ट’ नावाचा ठोकळ्यांचा खेळ खेळतो, त्यातील दगड ह्या खडकासारखा दिसावा. असे करता येते काय? करता येते, आणि त्यासाठी खेळाच्या मूळ कार्यक्रमाला हातही लावावा लागत नाही.

ह्याचे कारण असे की, संगणकाच्या पडद्यावरील वस्तूचा आकार आणि तिचे बाह्यरूप ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. आकार हा केवळ कोन व कडा ह्यांचा सांगाडा होय. त्यावर एक सपाट चित्र ताणून बसविले म्हणजे तो दगड, लाकूड किंवा कापड भासू लागतो. ह्या चित्राला कलाकार ‘टेक्श्चर’ म्हणतात. मराठीत त्याला पोतचित्र म्हणणे सोयीचे होईल. ही युक्ती अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचे एडविन कॅटमल ह्यांनी १९७४ साली आपल्या प्रबंधात मांडली. बंगळूरला तर हे पुष्कळांचे पोटापाण्याचे काम आहे. १९९७ साली राजेश राव ह्यांनी तेथे स्थापन केलेल्या ‘ध्रुव इंटरॲक्टिव्ह’ ह्या संस्थेने परदेशी खेळांसाठी आकार व पोतचित्रे तयार करून देण्याचा व्यवसाय वाढविला. २०१९ साली ती ‘रॉकस्टार गेम्स’ ह्या कंपनीने विकत घेतली.

पोतचित्र काढणे वरवर सोपे वाटते. खडकाचे छायाचित्र घ्यावे, चौरस कापावे, की झाले! पण अडचण येथूनच सुरू होते. खेळातील भिंत एकाच चित्राच्या शेकडो प्रतींनी बनते. साडीवर एकच ठसा पुनःपुन्हा उठवावा तशी. ठशाची उजवी कड पुढच्या ठशाच्या डाव्या कडेशी जुळली नाही, तर वेल तुटलेली दिसते. पट्टिताश्माच्या बाबतीत हा दोष फारच उघडा पडतो, कारण प्रत्येक पट्टा कडेवर येऊन मध्येच थांबतो आणि भिंतीवर जाळीदार रेघोट्या उमटतात. म्हणून कलाकार चित्र अर्ध्याने सरकवितो. असे केल्याने बाहेरच्या कडा मध्यभागी येतात, सांधा डोळ्यांसमोर येतो व तो हाताने रंगवून बुजविता येतो. छायाचित्र शक्य तो ढगाळ दिवशी घ्यावे, हेही अनुभवी लोक सांगतात. भर उन्हातील सावली चित्रातच राहते आणि मग खेळातील सूर्य पूर्वेला असो वा पश्चिमेला, दगडाची सावली आपली एकाच बाजूला!

मापाचाही विचार करावा लागतो. ह्या खेळातील मूळ चित्र एका बाजूस १६ चित्रबिंदूंचे, म्हणजे एकूण २५६ बिंदूंचे असते. प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा, निळा व पारदर्शकता ह्यांसाठी चार बाइट लागतात, म्हणून एका चित्राला १,०२४ बाइट पुरतात. बाजू २५६ बिंदूंची केली, तर हाच आकडा २,६२,१४४ वर जातो. बाजू सोळापट झाली, पण स्मृतीवरील भार २५६ पट! अशी एक हजार चित्रे धरली, तर भार दहा लाख बाइटांवरून सव्वीस कोटींच्या वर जातो. शाळेतील जुन्या संगणकाला हा फरक चांगलाच जाणवतो. बाजू १६, ३२, ६४ अशी दुपटीने वाढती ठेवावी. कारण दूरच्या वस्तूंसाठी यंत्र त्याच चित्राच्या निम्म्यानिम्म्या आकाराच्या प्रती करून घेते.

चित्र तयार झाले की संच बांधावयाचा. एका फोल्डरात ‘पॅक.एमसीमेटा’ नावाची छोटी मजकूर-फाइल ठेवतात. तीत संचाचे वर्णन आणि तो खेळाच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे दर्शविणारा क्रमांक असतो. शेजारी ‘ॲसेट्स’ हे फोल्डर, त्यात ‘माइनक्राफ्ट’, त्यात ‘टेक्श्चर्स’, त्यात ‘ब्लॉक’, आणि अगदी आत ‘स्टोन’ नावाचे पीएनजी जातीचे चित्र. नाव व वाट ह्यांत एका अक्षराचाही फरक चालत नाही. २०१८ च्या १.१३ ह्या आवृत्तीपूर्वी त्या फोल्डराचे नाव ‘ब्लॉक्स’ असे अनेकवचनी होते. एवढ्या एका अक्षरापायी कित्येक जुन्या संचांतील चित्रे नव्या खेळाला दिसेनाशी झाली.

मग हे सर्व झिप-फाइलीत बांधतात. येथे नवशिक्यांची हटकून फसगत होते. बाहेरचे फोल्डर न निवडता त्याच्या आतील वस्तू निवडून बांधावयास हव्यात. नाही तर खेळ झिप उघडतो, वर्णनाची फाइल पहिल्याच पायरीवर शोधतो, ती न सापडल्याने संच यादीत दाखवीतच नाही. दुसरी चूक नावाच्या शेपटाची. विंडोज प्रणाली पुष्कळदा ते लपविते, आणि ‘एमसीमेटा’च्या मागे ‘टीएक्सटी’ चिकटलेले आहे हे करणाऱ्याला कळतही नाही.

बसविण्याचे काम थोडक्यात उरकते. खेळाच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘रिसोर्स पॅक्स’ हा विभाग आहे (२०१३ पर्यंत ह्यांनाच टेक्श्चर पॅक म्हणत). तेथून संचांचे फोल्डर उघडून झिप त्यात ठेवावी व संच निवडलेल्यांच्या स्तंभात न्यावा. अनेक संच असल्यास वरच्याचे चित्र चालते. वरच्यात जे नाही ते खालच्यातून आणि शेवटी मूळ खेळातून घेतले जाते. म्हणूनच केवळ एका दगडाचा संचही पूर्ण संच ठरतो. दगड पूर्वीसारखाच दिसला, तर नाव किंवा वाट चुकली असे समजावे. जांभळ्या-काळ्या चौकटी दिसल्या, तर मात्र खेळाला हवे असलेले चित्र कोठेच मिळालेले नाही.

संच दुसऱ्यास देण्यापूर्वी मालकीचा प्रश्न येतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती होय. लालबागेत विद्यार्थ्याने स्वतः टिपलेले चित्र त्याचे. दुसऱ्याच्या संचातून उचललेले नव्हे, त्याला परवानगी हवी. बंगळूरच्या पगारी कलाकाराची स्थिती निराळी आहे. नोकरीच्या कामात काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, त्याचा मालक-संस्थाच ठरते. त्याने रंगविलेला दगड जगभर दिसेल. पण तोच दगड स्वतःच्या संचात घालून मित्राला देण्याची मुभा त्याला नसते. शाळकरी मुलाला मात्र ती असते.