सुगंधाचे प्रमाण आणि घरातील मनी

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी खोकल्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. तपासणी आटोपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, आमची मनीसुद्धा चार दिवस जेवत नाही हो. सारखी लाळ गाळते." चौकशी केल्यावर समजले, की घरातील कुबट वास जावा म्हणून निलगिरी तेलाचा डिफ्यूझर त्यांच्या बंद खोलीत रात्रभर चालू असे. "वास कमीच यायचा, म्हणून थेंब वाढवत गेले," असे त्या म्हणाल्या.

वाचकहो, वय वाढते तशी घ्राणशक्ती मंदावते. आपल्याला जेमतेम जाणवणारा सुगंध इतरांना उग्र वाटू शकतो. म्हणून त्याचे प्रमाण केवळ आपल्या नाकावरून ठरवू नये.

मांजराला तर धोका अधिकच. फिनॉलसारखी द्रव्ये आपले यकृत ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकते. मांजरात ही क्षमता अत्यल्प असते. शिवाय हवेतील तेलाचे तुषार त्याच्या अंगावर बसतात आणि अंग चाटताना पोटात जातात. निलगिरी, टी ट्री, लवंग, दालचिनी व पुदिना यांची तेले, तसेच कापूर, डांबरगोळ्या आणि फिनाईल त्याच्यापासून दूरच ठेवावीत. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे.

फवारा वापरायचाच असेल, तर मांजराला दुसऱ्या खोलीत न्यावे, थोडाच मारावा आणि खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी. मांजराच्या अंथरुणाजवळ किंवा मातीच्या ट्रेजवळ तो कधीही मारू नये. काड्या बुडवून ठेवलेली सुगंधी तेलाची बाटली कलंडली, तर पंजांना तेल लागते; ती बंद कपाटातच बरी. उदबत्तीचा धूर कोंडू देऊ नये.

लाळ गळणे, उलटी, झोकांड्या जाणे, थरथर किंवा तोंड उघडून श्वास घेणे ही लक्षणे दिसताच मांजराला मोकळ्या हवेत न्यावे. अंगाला तेल लागले असेल, तर भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने व कोमट पाण्याने धुवावे. उलटी करवू नये. माणसांचे औषध देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. बाटली सोबत घेऊन तातडीने पशुवैद्यकांकडे जावे.

दुर्गंधी झाकण्यापेक्षा तिचे मूळ शोधावे. ट्रे रोज साफ करावा, पांघरुणांना ऊन दाखवावे, भिंतीची ओल दुरुस्त करून घ्यावी. दमा किंवा जुना खोकला असलेल्या ज्येष्ठांनाही याचा लाभ होतो, कारण उग्र सुगंधाने त्यांचाही श्वास कोंडतो.

आजींनी डिफ्यूझर बंद केला आणि मनीला पशुवैद्यकांना दाखवले. पुढच्या भेटीत त्यांचा खोकला उणावला होता. मी विचारण्यापूर्वीच त्यांनी सांगितले, "मनी दूध मागायला लागली हो!"