आधी वही, मग कार्ड

"काकू, पाच टक्के वापस भेटते म्हणते. घेऊन टाकू का?"

हा प्रश्न मला वलगावात कुठंही गाठतो. बस थांब्यावर, दळण टाकायला गेलं की गिरणीत, लग्नाच्या पंगतीत. अमरावतीच्या एका पतसंस्थेत लेखापाल म्हणून माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे कागदावरचं बारीक अक्षर मी वाचते, असा शेजाऱ्यांचा विश्वास आहे. तो मला मोलाचा वाटतो. म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी मी एकच काम सांगते : मागच्या तीन महिन्यांचा घरखर्च एका वहीत लिहून आण. पैसा कुठं गेला आणि घरात केव्हा आला, दोन्ही लिही. पुष्कळ जण तिथंच थांबतात. जे वही आणतात, त्यांचं कार्ड निवडायला मग फार वेळ लागत नाही.

कॅशबॅक म्हणजे कार्डानं केलेल्या खर्चाचा काही भाग बिलातून वजा होऊन किंवा खात्यात जमा होऊन परत मिळणं. हा पैसा येतो कुठून, ते आधी समजून घ्यावं. दुकानदाराच्या मशीनवर क्रेडिट कार्ड लावलं की त्याच्या खात्यात पूर्ण रक्कम पडत नाही. शंभरातले साधारण दोन रुपये बँका आणि कार्डाचं जाळं चालवणाऱ्या कंपन्या कापून घेतात. आपल्याला मिळतो तो त्यातलाच वाटा. बचत खात्यातून यूपीआयनं पैसे दिले तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला हे शुल्क नाही, म्हणून तिथं परत द्यायलाही काही उरत नाही. मग दोन रुपयांतून पाच रुपये कसे परत येतात? काही कार्डांत ऑनलाइन विक्री करणारी कंपनी आपल्या पदरचे पैसे घालते, काही भाग वार्षिक शुल्कातून निघतो. आणि बिल थकवणाऱ्यांचं व्याज हे तर या धंद्याच्या कमाईचं मोठं अंग आहे. म्हणजे वेळेवर बिल भरणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत कुणाच्या तरी थकलेल्या बिलाचा पैसा असतो. तो 'कुणी तरी' आपण होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या गल्लीतल्या एका शिक्षक जोडप्याची वही त्यांच्या परवानगीनं इथं मांडते. महिन्याचा खर्च २४,००० रुपये. किराणा आणि भाजी ७,०००, मुलीची शिकवणी ४,०००, ऑनलाइन खरेदी ४,०००, विम्याचा हप्ता ३,०००, पेट्रोल २,०००, वीज-गॅस-मोबाइल २,०००, दवाखाना १,००० आणि किरकोळ १,०००. अमरावतीच्या एका मॉलमध्ये कार्ड विकणाऱ्या मुलानं त्यांना सरळ हिशेब करून दिला होता : २४,००० चे पाच टक्के, महिन्याला १,२००, वर्षाला १४,४००.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आलं. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानातल्या खरेदीवर १ टक्का. वार्षिक शुल्क ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९. वर्षात दोन लाख खर्च केले तर शुल्क माफ. पण मे २०२३ पासून विमा, शाळा-कॉलेजची फी, वीज-पाणी बिल, दागिने, रेल्वे या खर्चांवर कॅशबॅक बंद झाला. इंधनावर तर तो मिळतच नाही. शिकवणीवाले रोख घेतात, भाजीचा बाजार रोखीचा, दवाखान्यातही नोटाच. उरलं काय? ऑनलाइन ४,००० वर २०० रुपये, आणि अमरावतीच्या सक्करसाथेतल्या दुकानात कार्डानं घेतलेल्या ३,५०० च्या किराण्यावर ३५ रुपये. वर्षाचे २,८२०. शुल्क वजा जाता १,६४१. कुठे १४,४०० आणि कुठे १,६४१!

आता दुसरं कार्ड घेऊ. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक शुल्क नाही. ॲमेझॉनच्या प्राइम सभासदाला तिथल्या खरेदीवर ५ टक्के, सभासद नसलेल्याला ३ टक्के, इतर दुकानांत १ टक्का. हे जोडपं सभासद नाही, पण त्यांची ऑनलाइन खरेदी जवळजवळ सगळी त्याच संकेतस्थळावरून. मग महिन्याचे १२० आणि किराण्याचे ३५, वर्षाचे १,८६०. तीन टक्क्यांचं बिनशुल्क कार्ड त्यांना पाच टक्क्यांच्या कार्डापेक्षा २१९ रुपये जास्त देतं. त्यांची खरेदी फ्लिपकार्ट, मीशो अशी विखुरलेली असती किंवा महिन्याला दहा हजारांची असती, तर पारडं पहिल्या कार्डाकडे झुकलं असतं. कोणतं कार्ड चांगलं, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नसतं ते यामुळेच.

गुरुजींनी विचारलं, "दोन लाखांचा टप्पा गाठून शुल्क माफ करून घेतलं तर?" विमा, वीज, पेट्रोल सगळं कार्डावर नेलं तरी त्यांचा वर्षाचा कार्डानं होणारा खर्च १ लाख ७४ हजार. राहिलेल्या २६ हजारांची खरेदी केवळ १,१७९ रुपये वाचवण्यासाठी करायची? टप्पा गाठण्यासाठी घरात आलेली वस्तू ही बचत नव्हे. हे मी त्यांना ठामपणे सांगितलं आणि इथंही सांगते.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. प्रत्येक दुकानाच्या मशीनला त्याच्या धंद्याप्रमाणे चार आकडी क्रमांक दिलेला असतो. किराण्याला ५४११, पेट्रोलपंपाला ५५४१, वीज-पाण्यासारख्या सेवांना ४९००, विम्याला ६३००. कॅशबॅक मिळणार की नाही, हे आपण काय विकत घेतलं यावर नव्हे तर या क्रमांकावर ठरतं. गावातल्या एखाद्या दुकानाची नोंद भलत्याच धंद्याखाली झाली असेल, तर तुमच्या तेल-डाळीचा किराणा म्हणून हिशेब होत नाही. म्हणून नेहमीच्या दुकानात आधी लहान खरेदी करावी, पुढच्या बिलात काय जमा झालं ते पाहावं, मगच मोठी खरेदी तिथं न्यावी.

माझा पुतण्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापड कारखान्यात आहे. त्याचा सगळा व्यवहार क्यूआर कोडवर. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्याची त्याला मोठी ओढ. सोय खरी आहे, पण छोट्या दुकानदाराला अशा व्यवहारात २,००० रुपयांपर्यंत शुल्क लागत नाही, म्हणून बँकेलाही तिथं कमाई नसते. कार्डाच्या अटींत यूपीआयच्या खर्चावरचा कॅशबॅक त्यामुळेच कमी किंवा शून्य असू शकतो. ती ओळ शोधून वाचा. पेट्रोलचंही तसंच. इंधन अधिभारातला एक टक्का माफ होतो, पण त्यासाठी बहुतेक कार्डांना एका वेळी चारशे-पाचशेचं पेट्रोल लागतं. दोनशेचं पेट्रोल टाकून कंपनीत जाणाऱ्याला ती माफी मिळत नाही. पुतण्याला मी वर्षभर थांब म्हटलं आहे.

पण ज्यांच्यासाठी माझा जीव तुटतो ते हे नव्हेत. ते म्हणजे सोयाबीन-कपाशीवाले. आमच्या भागात पैसा दर महिन्याला येत नाही. तो दसरा-दिवाळीला सोयाबीन निघालं की येतो, मग कापूस वेचला की येतो, संत्र्याचा बगीचा असेल तर बहाराप्रमाणे येतो. कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला येतं. एका शेजाऱ्यानं मला विचारलं, "कृषी केंद्रात कार्ड चालते. बी-खत त्याच्यावर घेतलं तं काऊन नाई चालत?" पाच-सहा एकरांचं बियाणं, खत आणि फवारणी मिळून त्याचा खर्च ४०,०००. कार्डावर बिनव्याजी मुदत फार तर ४५ ते ५० दिवस. जूनच्या मध्यावर घेतलेल्या बियाण्याचं बिल जुलैअखेर भरावं लागणार, आणि तेव्हा शेतात सोयाबीन अजून फुलावर असतं. ऑक्टोबरपर्यंत थांबलं तर चार महिन्यांचं व्याज. दरमहा साडेतीन टक्क्यांनी ५,६००, त्यावर जीएसटी १,००८, एकूण ६,६०८, आणि चक्रवाढ वेगळी. कॅशबॅक किती? एक टक्क्यानं ४००. शिवाय कार्ड काढलं की काही दुकानदार दोन टक्के वर मागतात आणि रोखीवर सोडतात ती सूटही जाते.

हीच रक्कम पीककर्जातून आली तर? किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. त्यावर सात टक्क्यांनी पूर्ण व्याज धरलं तरी चार महिन्यांचे ९३३ रुपये होतात. आणि ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून जिल्हा बँकेचं व्याज शून्यापर्यंत खाली येतं. पंजाबराव आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे. शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी त्यांनी वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा आणला. त्यांच्या नावाची योजना दाराशी असताना बी-खतासाठी बेचाळीस टक्क्यांचं कर्ज घेणं मला पाहवत नाही.

हो, वर्षाला बेचाळीस. दरमहा साडेतीन टक्के हे ऐकायला हलकं वाटतं म्हणून बाराने गुणून सांगते. शिक्षकांचंच उदाहरण घ्या. समजा २०,००० चं बिल आलं आणि किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे १,००० भरले. महिन्याचं व्याज ७००, जीएसटी १२६. भरलेल्या हजारातून मुद्दल फिटलं १७४ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरचीही बिनव्याजी मुदत जाते, खरेदीच्या दिवसापासून व्याज धावतं. एका टक्क्याच्या हिशेबानं चार महिन्यांत जमवलेला कॅशबॅक एका महिन्यात जातो.

आमच्या गावाला २० डिसेंबर ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी, अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. मामाचं शेत सावकारात गेलेलं बाबांनी तरुणपणी पाहिलं होतं आणि कर्ज काढून सण-समारंभ करू नका, हे ते कीर्तनातून गावोगाव सांगत राहिले. २०२४ सालच्या त्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयानं क्रेडिट कार्डाच्या व्याजाबाबत निकाल दिला. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं ७ जुलै २००८ रोजी म्हटलं होतं. तो आदेश न्यायालयानं रद्द केला. आयोगाला असा दर ठरवण्याचा अधिकार नाही, ते क्षेत्र रिझर्व्ह बँकेचं, असा निकालाचा आशय. म्हणजे आता ३० टक्क्यांची भिंत आपल्या पाठीशी नाही. आपलं रक्षण आपल्या शिस्तीवर आहे.

ज्यांच्या घरी दरमहा पगार किंवा निवृत्तिवेतन येतं, त्यांनी कार्ड जरूर घ्यावं. बँकेला लेखी सांगून पूर्ण बिलाची रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय करावी. अर्जात बहुधा 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' असे दोन पर्याय असतात, खूण दुसऱ्यावर हवी. बिलाची तारीख पगारानंतरची मागून घ्यावी. ती बदलून घेण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आपल्याला दिला आहे. कार्डानं एटीएममधून रोकड कधीही काढू नये, तिथं पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वीज बिल भरताना पडद्यावर जादा आकार दिसतो का ते पाहावं. महावितरणनं ऑनलाइन भरणा निःशुल्क केला तेव्हा क्रेडिट कार्ड त्यातून वगळलेलं होतं. आणि नको झालेलं कार्ड पडून राहू देऊ नये. बाकी नसेल तर बंद करण्याच्या अर्जावर बँकेला सात कामाच्या दिवसांत कार्यवाही करावी लागते, नाही तर उशिराच्या दर दिवसामागे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बँकेनं तक्रार ऐकलीच नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

आणि ज्यांचं घर सोयाबीन, कापूस, संत्र्यावर चालतं, त्या माझ्या भावा-बहिणींना हात जोडून विनंती : पाच टक्के म्हणा की दहा, हे कार्ड पेरणीसाठी घेऊ नका. मृगाच्या आधी बँकेत जाऊन पीककर्जाचं नूतनीकरण करून घ्या.