दांडीला वंगण : कुठे आणि किती?

करमाळा तालुक्यातील केम हे कुंकवाचे गाव. अशी बारीक पूड वंगणावर बसली, की वंगणाची घासणारी पेस्ट होते; घरातली धूळही तेच करते. जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरला तेल देताना आपण नेमके हेच विसरतो.

१९९६ सालच्या निन्टेन्डो ६४ मध्ये दांडीचे खालचे टोक प्लॅस्टिकच्या वाटीत फिरते. घर्षणाने दोन्ही झिजतात, पांढरी भुकटी साचते आणि दांडी ढिली पडते. आधी ही भुकटी कोरड्या ब्रशने काढावी. मग वाटीत सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पुरे. शिवणयंत्राचे तेल टाळावे; खनिज तेलाने काही प्लॅस्टिके फुगतात वा तडकतात.

१९९७ सालच्या ड्युअलशॉकची गोष्ट निराळी. तिथे दांडीबरोबर धातूचा स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर सरकतो आणि जागेप्रमाणे व्होल्टता बदलते. (जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हीच रचना असते, त्याची खरखर आठवावी!) या पट्टीला ग्रीस लागले, की धूळ चिकटते, स्पर्श तुटक होतो आणि पडद्यावरचा खेळाडू हात न लावताच सरकू लागतो. येथे वंगण नकोच. कंट्रोलरची जोडणी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसावी व पूर्ण वाळू द्यावी. कार्बनच झिजला असेल, तर तो भाग बदलावा लागतो.