विमा कचेरी, विमानदल आणि यॉर्कची गादी

१९८० साली इंग्लंडच्या चर्चच्या दोन्ही सर्वोच्च पदांवर माजी सैनिक होते. कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी दुसऱ्या महायुद्धात स्कॉट्स गार्ड्सच्या रणगाड्यांवर लढले होते आणि त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. यॉर्कचे आर्चबिशप स्टुअर्ट ब्लँच हे रॉयल एअर फोर्समधले नॅव्हिगेटर. रन्सींचे नाव पुढच्याच वर्षी घरोघरी पोचले, कारण चार्ल्स आणि डायना यांचे लग्न त्यांनी लावले. ब्लँच यांच्या वाट्याला असा झोत आला नाही. तरी या दोघांत मला ब्लँच यांचे आयुष्य जास्त सांगण्यासारखे वाटते. धर्मपीठावर ते उशिरा आणि बाहेरच्या जगातून आले, आणि त्या उशिराचे त्यांनी सोने केले.

त्यांचा जन्म १९१८चा, ग्लॉस्टरशायरच्या ग्रामीण भागातला. वडील शेतकरी. मुलगा लहान असतानाच ते अपघातात गेले आणि आई मुलांना घेऊन लंडनला आली. दक्षिण लंडनमधल्या ॲलेन्स स्कूलमध्ये शिक्षण झाले. पुढे विद्यापीठ नाही. १९३६ साली अठराव्या वर्षी त्यांनी विमा कंपनीत नोकरी धरली. इंग्लंडमध्ये त्या काळी बिशप होणारा माणूस बहुधा नामांकित निवासी शाळेतून ऑक्सफर्ड-केंब्रिजला जायचा आणि तिथून थेट धर्मशिक्षणाकडे वळायचा. कित्येकांचे वडील नाहीतर आजोबा स्वतःच धर्मगुरू असत. विमा कचेरीतल्या कारकुनाला त्या वाटेवर कोणी धरले नसते.

१९४० साली ते विमानदलात गेले आणि १९४६ पर्यंत तिथे होते. नॅव्हिगेटरचे काम नेमके काय, हे इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वैमानिकाच्या वलयात हा माणूस नेहमी झाकला जातो. रात्री, ढगांच्या वर, खाली अंधार असलेला देश. अशा वेळी विमान कुठे आहे हे सांगणारा तोच. समोर नकाशा, हातात पेन्सिल आणि कोनमापक, शेजारी घड्याळ. विमानाचा वेग, नाकाची दिशा आणि उलटलेला वेळ यांवरून तो नकाशावर जागा काढतो. पण विमान नाकासमोर जात नाही. वारा त्याला बाजूला रेटत असतो. म्हणून वाऱ्याचा वेग आणि दिशा धरून हिशेब दुरुस्त करायचा, जमिनीवरची एखादी नदी दिसली किंवा सेक्स्टंटमधून तारा सापडला की पुन्हा पडताळायचा. दिशेत एका अंशाची चूक झाली तर साठ मैलांवर विमान एक मैल बाजूला जाते. सहाशे मैलांवर दहा मैल.

हे किती अवघड होते त्याचा पुरावा सरकारी दप्तरातच आहे. ऑगस्ट १९४१ मधल्या बट अहवालाने ब्रिटनच्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांची छायाचित्रे तपासली. आपण लक्ष्यावर पोचलो असे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानेच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत गेली होती. १९४२ मध्ये विमानदलाने ‘ऑब्झर्व्हर’ हे जुने पद मोडून नॅव्हिगेटरचे पद वेगळे केले. पूर्वी एकाच माणसाकडे असलेली दिशा, बॉम्ब आणि टेहळणी यांची कामे आता वाटली गेली. दुसऱ्यांचे जीव आपल्या बेरीज-वजाबाकीवर आहेत, ही जाणीव या कामात रोजची. ब्लँच यांनी तरुणपणाची सहा वर्षे अशा शिस्तीत काढली. युद्ध चालू असतानाच, १९४३ साली, ब्रेंडा कॉइट यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांना एक मुलगा आणि चार मुली झाल्या. अँग्लिकन परंपरेत धर्मगुरू आणि बिशप संसारी असतात, हे आपल्याकडे वसई-गोव्याच्या कॅथलिक फादरांची सवय असलेल्या वाचकाने ध्यानात ठेवावे. मुंबईच्या फोर्टातले सेंट थॉमस कॅथेड्रल मूळ याच अँग्लिकन घराण्यातले. १९७० मध्ये ते उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाले.

युद्धातून परतलेल्या ब्लँच यांनी विम्याची नोकरी पुन्हा धरली नाही. ते ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकायला गेले, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि विक्लिफ हॉलमध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची तयारी केली. १९४९ साली दीक्षा मिळाली तेव्हा वय एकतीस. ऑक्सफर्डमध्येच साहाय्यक पाळक, मग जवळच्या एन्शम गावात व्हिकर, मग विक्लिफ हॉलचे उपप्राचार्य. जुना करार हा त्यांचा हातखंडा विषय. दहा आज्ञा आणि संदेष्टे साध्या माणसाला समजतील असे सांगणे त्यांना साधायचे, आणि त्यांची पुस्तकेही याच वळणाची आहेत.

१९६० साली ते रॉचेस्टरला गेले. तिथल्या नव्या धर्मशिक्षण महाविद्यालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ते मुख्यतः वयाने मोठ्या उमेदवारांसाठी होते. नोकरी-व्यवसाय करून, घर-संसार सांभाळून मग या वाटेला आलेल्यांसाठी. ब्लँच यांच्या आयुष्यातली ही सहा वर्षे मला सगळ्यांत मोलाची वाटतात. कचेरीतली फाईल, पगाराची तारीख, कामावरचा मुकादम, घरातले आजारपण हे ज्याने भोगले आहे त्याचे प्रवचन वेगळे होते, आणि अशी माणसे घडवायला त्यांच्यातलाच एक गुरू लागतो. चर्चने तो अचूक निवडला.

१९६६ साली ब्लँच लिव्हरपूलचे बिशप झाले. शहर उतरणीला लागले होते. १९६१ मध्ये साडेसात लाखांच्या घरात असलेली वस्ती १९७१ पर्यंत सहा लाखांवर आली. बंदरातले काम आटत होते, जुन्या चाळवजा वस्त्या पाडून माणसे शहराबाहेर हलवली जात होती. त्यात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची तेढ. होप स्ट्रीटच्या एका टोकाला १९०४ पासून बांधत असलेले अँग्लिकन कॅथेड्रल, ज्याचे वास्तुकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट स्वतः कॅथलिक होते. दुसऱ्या टोकाला १९६७ मध्ये उभे राहिलेले गोल, मुकुटासारखे कॅथलिक कॅथेड्रल. पुढे बिशप डेव्हिड शेपर्ड आणि कॅथलिक आर्चबिशप डेरेक वरलॉक यांची मैत्री जगभर नावाजली गेली. हे शेपर्ड म्हणजे इंग्लंडचे कसोटीपटू. १९५२ साली ओव्हलवर विजय हजारेंच्या संघाविरुद्ध त्यांनी शतक ठोकले होते. त्यांचा गाजावाजा योग्यच आहे. पण त्यांच्या आधीची नऊ वर्षे ब्लँच यांची होती, हे सांगायचे राहून जाते.

१९७४ अखेर यॉर्कचे आर्चबिशप डोनाल्ड कॉगन कँटरबरीला गेले आणि १९७५ मध्ये यॉर्कची जागा ब्लँच यांना मिळाली. हे चर्चमधले दुसऱ्या क्रमांकाचे पद. कँटरबरीचा आर्चबिशप ‘सर्व इंग्लंडचा प्रायमेट’ आणि यॉर्कचा ‘इंग्लंडचा प्रायमेट’. उत्तरेतले चौदा धर्मप्रांत तेव्हा त्याच्या छत्राखाली होते आणि लॉर्ड्सच्या सभागृहात आसन होते. त्या वेळी ही नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने राणी करत असे. पंतप्रधान होते हॅरल्ड विल्सन, ज्यांचा ह्युटन मतदारसंघ लिव्हरपूलच्याच धर्मप्रांतात येत होता.

ब्लँच यॉर्कच्या गादीवर असतानाच, मे १९८२ अखेर, पोप जॉन पॉल दुसरे यॉर्कला आले. नेव्ह्समायरच्या घोडदौडीच्या मैदानावर जवळपास दोन लाख माणसे जमली. पदावर असताना ब्रिटनला आलेले ते पहिले पोप. त्याच दिवसांत ब्रिटिश फौजा फॉकलंडमध्ये लढत होत्या. युद्ध संपल्यावर सेंट पॉल्समधल्या उपासनेत रन्सींनी अर्जेंटिनाच्या मृतांसाठीही प्रार्थना केली आणि त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. स्वतः लढलेला माणूस विजयाचे ढोल बडवायला नकार देतो, याचे मला अप्रूप नाही, आदर आहे.

१९८३ साली, सत्तर या सक्तीच्या मर्यादेच्या पाच वर्षे आधी, ब्लँच पायउतार झाले. त्यांना आजीव लॉर्ड करण्यात आले. ३ जून १९९४ रोजी ते वारले. लिव्हरपूलमध्ये त्यांच्या नावाची एक माध्यमिक शाळा आहे, आर्चबिशप ब्लँच स्कूल, आणि ती आजही चालू आहे.