दारातली कळलावी

श्रावण-भादव्यात कुंपणावर पिवळी-तांबडी फुलं पेटल्यासारखी दिसतात, ती कळलावी. गौरीला वाहायला म्हणून बऱ्याच जणी ती दारात लावतात. तिच्यामुळे घरात भांडणं लागतात म्हणे! त्यात काही तथ्य नाही. खरी भीती कंदाची आहे.

कंद नांगराच्या आकाराचा. टोकाचा डोळा मोडला की त्या बाजूने कोंब येत नाही. पावसाच्या तोंडाला, पाणी साचणार नाही अशा जागी तो दोन-तीन बोटं खोल आडवा ठेवा. पानांच्या टोकांनी वेल धरून चढतो, म्हणून बारीक काठ्या रोवा. हिवाळ्यात वेल वाळतो, कंद मातीत जिवंत राहतो.

आणि मग कुणीतरी उकरताना तो खायचा कंद समजतं. कळलावीत कोल्चिसिन हे विष असतं, सगळ्यात जास्त कंदात आणि बियांत. खाल्ल्यावर काही तास माणूस ठीक दिसतो, मग उलट्या-जुलाब लागतात आणि जीवही जातो. म्हणून त्रासाची वाट बघू नका, लगेच १०८ला फोन करा, उरलेला तुकडा दवाखान्यात सोबत न्या.

पूर्वी बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हा कंद वापरत, नाव त्यावरूनच पडलं. आज कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा.

लावलेल्या जागी खूण करा. काढलेले कंद रताळ्यांजवळ ठेवू नका, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा.