प्रोस्टेटचा कॅन्सर : इंजेक्शनची तारीख चुकवू नका
– ऊस विकास अधिकारी



ऊस विकासाच्या पानावर आजारपणाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु लागणीच्या नोंदी घेत फिरताना दोन-तीन घरी एकच गोष्ट कानी आली. "दुखणं थांबलं, आता सुई कशाला?" असे म्हणून वयस्कर मंडळी प्रोस्टेटच्या कॅन्सरचे इंजेक्शन मध्येच सोडतात. कुणी तोड आली म्हणून पुढे ढकलतो. विषय लाजेचा, त्यामुळे घरातही कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिचा कॅन्सर हाडात पसरला की मुळासकट काढता येत नाही. पण तो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. हा संबंध शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवला आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा उपचार म्हणजे हा पुरवठा तोडणे. लव्हाळ्याचा पाला वाळला तरी गाठी जमिनीत राहतात, तसा हा रोग. दाबून ठेवला तर अनेकांना वर्षे मिळतात. दाब सुटला की पुन्हा फुटतो. दुखणे थांबले ते औषध चालू आहे म्हणून.

औषधे कोणती?

ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शने महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घेतात. सुरुवातीचे काही दिवस हार्मोन उलट वाढतो, म्हणून डॉक्टर बायकॅल्युटामाइडची गोळी जोडीला देतात. डेगारेलिक्समध्ये ही वाढ होत नाही. ज्यांना वारंवार खेपा वा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी अंडकोष काढण्याची लहान शस्त्रक्रिया हा एकदाच करायचा पर्याय आहे.

ॲबिराटेरोन ही गोळी साधारणपणे उपाशीपोटी घेतात, कारण जेवणाबरोबर ती रक्तात फार जास्त उतरते. काही रुग्णांना डॉक्टर कमी मात्रा मुद्दाम जेवणाबरोबर देतात. म्हणून शेजाऱ्याचे बघून आपली पद्धत बदलू नये. तिच्यासोबतची प्रेडनिसोलोनची गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. रक्तदाब, पोटॅशियम व यकृताची तपासणी वेळेवर करावी.

त्रास व उपाय

अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो. सुती कपडे वापरावे, चहा व तिखट कमी करावे. फार झाल्यास त्यावर औषध आहे. कामेच्छा जाते, छाती भरते, मन उदास होते. हा औषधाचा परिणाम आहे, माणसाचा दोष नव्हे; कारभारणीला मोकळेपणाने सांगावे.

हाडे ठिसूळ होतात. दूध, नाचणी, तीळ खावे. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे. हाडांचे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला ओल्या बांधावर जाऊ नये. पडल्यास हाड मोडते. स्नायू आटतात व वजन वाढते, यासाठी रोज अर्धा तास चालावे आणि झेपेल तेवढे हलके वजन उचलावे. साखर वाढू शकते, म्हणून मधुमेही सभासदांनी विशेष जपावे. तंबाखू सोडावी.

पाठीत जोराची कळ, पायातली ताकद जाणे किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्यास तास मोलाचे असतात.

खर्चासाठी शासनाच्या जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. औषध थांबवायचे की बदलायचे, ते पीएसए तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील.

लागणीची तारीख आपण लिहून ठेवतो, तशी पुढच्या इंजेक्शनची तारीख घरच्या कॅलेंडरवर मांडावी. तोड त्याच दिवशी आली तर फडावर मुलगा, पुतण्या उभा राहील. आपले इंजेक्शन मात्र दुसऱ्याला घेता येत नाही.